मॉरिशसला यावं तर कशासाठी? इथं व्हॅन चालवणाऱ्या गुहागरकराचं उत्तर

प्रश्न साधारण असा होता: आम्ही चौघं, त्यात आई-बाबा सत्तरीच्या आसपास, पुढच्या वर्षी सात-आठ दिवस परदेशात समुद्राकाठी जायचंय. मालदीव, बाली, थायलंड सगळं बघून झालं, मॉरिशस महाग वाटतंय आणि तिथं बीच सोडून काही नाही असं ऐकलंय. तिथं राहणाऱ्या कुणीतरी सांगा, का यावं?

मी राहतो इथं. एकोणीस वर्षं झाली. मूळ गुहागर तालुक्यातला, आधी एका हॉटेलात रेस्टॉरंटमध्ये होतो, मग इथल्याच मराठी घरातली बायको मिळाली, आणि गेली बारा वर्षं स्वतःच्या व्हॅनमधून टुरिस्ट फिरवतो. म्हणजे धंदेवाला माणूस बोलतोय हे धरूनच वाचा. पण पहिलं वाक्य धंद्याच्या विरोधातलंच लिहितो, नुसतं निळं पाणी, पाण्यावरची खोली आणि सात दिवस पडून राहणं एवढंच पाहिजे असेल तर मालदीवला जा, ते काम तिकडे आमच्यापेक्षा चांगलं होतं. मॉरिशसला येऊन सात दिवस रिसॉर्टच्या गेटच्या आत बसणारी माणसं मी दर आठवड्याला एअरपोर्टवरून आणतो आणि परत सोडतो, आणि परतीच्या वाटेवर "छान होतं पण तेच तेच होतं" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता त्यांच्या आधी मीच म्हणतो.

इथं यायचं कारण गेटच्या बाहेर आहे, आणि आपल्या माणसांसाठी तर जास्तच.

एअरपोर्टवरून निघालं की दोन्ही बाजूला ऊस सुरू होतो. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला त्याचं काय कौतुक, पण नीट बघा, उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग दिसतात. कुठं घराएवढे, कुठं पायऱ्यापायऱ्यांचे. मी बहुतेक वेळा तिथं गाडी थांबवतो. बेट ज्वालामुखीचं, जमीन सगळी दगडांनी भरलेली, आणि ऊस लावायचा तर आधी दगड उचलायला पाहिजेत. ते ढीग हातांनी रचलेत, आधी आफ्रिका-मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांनी आणि नंतर आपल्याकडून करारावर आलेल्या मजुरांनी, म्हणजे गिरमिटियांनी. असं सांगतात की तिकडं गावोगाव फिरणारे दलाल म्हणायचे, मॉरिशसला चला, दगड उचलला की खाली सोनं आहे. एकदा साताऱ्याकडचे एक शेतकरी काका उतरले, त्या दगडाला हात लावला, हातात घेऊन तोलला आणि म्हणाले, अरे हा तर आमच्याच रानातला काळा दगड. खोटं नाही, बेसॉल्टच तो, आपल्या सह्याद्रीचा पण तोच. मग काका दहा मिनिटं गाडीत बसेनात.

तिथून पोर्ट लुईला आप्रवासी घाट. १८३४ च्या २ नोव्हेंबरला पहिली तुकडी इथं उतरली, १८३५ ला गुलामी बंद होणार होती म्हणून मळेवाल्यांना मजूर पाहिजे होते, आणि तेव्हापासून १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं इथं आली. त्यात मुंबई बंदरातून चढलेली आपली रत्नागिरी-साताऱ्याकडची पण होती. जागा बघायला गेलात तर लहान आहे, काहींचा चक्क हिरमोड होतो, "एवढंच?" म्हणतात. सोळा दगडी पायऱ्या आहेत, जहाजातून उतरलेला माणूस त्या चढून वर यायचा, दोनेक दिवस शेडमध्ये ठेवायचे, नंबर द्यायचे आणि कुठल्यातरी साखर कारखान्याच्या इस्टेटवर पाठवायचे. २००६ ला वर्ल्ड हेरिटेजमध्ये गेलंय. बाजूचं म्युझियम आधी बघा आणि पायऱ्या नंतर, उलटं करू नका, नाहीतर नुसत्या पायऱ्याच दिसतील. रजिस्टरं मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, नाव, बापाचं नाव, गाव, वय, उंची, अंगावरची खूण, आणि पुढच्या काळातल्यांचे तर फोटो पण. इथली लोकं तिथं जाऊन आपला खापरपणजोबा शोधतात.

आता आडनावांची गंमत. गंमत म्हणावी की नाही कळत नाही. कारकुनानं बापाचं नाव विचारलं आणि तेच पुढं आडनाव होऊन बसलं, आणि स्पेलिंग फ्रेंच-इंग्रजी कानाला जसं ऐकू आलं तसं. त्यामुळं लक्ष्मण, राम, बापू अशी आडनावं दिसतील आणि ती लिहिलेली बघितली तर पटकन ओळखू पण येणार नाहीत. माझ्या सासऱ्यांचं आडनाव हे त्यांच्या पणजोबांच्या वडिलांचं पाळण्यातलं नाव आहे. मूळ आडनाव काय होतं, कदम की मोरे की घाडगे, कुणाला माहीत नाही, आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला ते नीट झोंबलं, कारण आमच्याकडे आडनावावरून वाडी कळते.

गणपतीत येता आलं तर या. गणेश चतुर्थीची इथं देशाची सुट्टी असते, आणि ती मराठी माणसांनी धरून ठेवली म्हणून. आमच्या सासुरवाडीचा गणपती दीड दिवसाचा. पश्चिमेकडं कास्कावेलच्या बाजूला, मागं ऊस, समोर डोंगर. आरतीला वीस-पंचवीस माणसं, त्यात शेजारचा तमिळ मास्तर, समोरची क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या कुटुंबातली मावशी, गल्लीतला मुसलमान मेकॅनिक हे धरूनच. सासूबाईंना मराठी बोलता येत नाही फारसं, घरात सगळे क्रेओलच, म्हणजे फ्रेंचवरून झालेली इथली बोलीच बोलतात, पण "सुखकर्ता दुःखहर्ता" अख्खं पाठ, एक शब्द इकडचा तिकडं नाही, आणि "लवथवती विक्राळा" ला आवाज असा लागतो की मला दर वर्षी गावची आजी आठवते. अर्थ विचारला तर हसतात. एका वर्षी मी बसून अर्थ सांगितला तर ऐकून म्हणाल्या, "आयो, एवढं सगळं म्हणत होते मी?" (हे "आयो" इथं जातधर्म न बघता सगळे म्हणतात.) आणि मग अंगणात झाक्री होते. झाक्री म्हणजे आपली जाखडी, आमच्या रत्नागिरीतला बाल्या नाच. तिकडं आता स्पर्धेच्या स्टेजवर लाइट लावून होतो, इथं अजून अंगणात गोल धरून होतो. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा पायात आपोआप ठेका आला, आणि तोपर्यंत मला नवा जावई म्हणून बाजूला खुर्चीवर बसवणारी माणसं त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलायला लागली.

तुम्ही म्हणाल, गावचा गणपती बघायला एवढं विमानाचं तिकीट कशाला काढू. बरोबर आहे. पण सगळेच गणपतीत येत नाहीत आणि इथं रोज काही ना काही असतंच, तमिळांची कावडी, चिनी नवीन वर्ष, ईद, दिवाळी, ख्रिसमस, सगळ्याला सुट्टी. बारा-साडेबारा लाख वस्ती असलेला देश, पुणे शहरापेक्षा लहान, आणि एका बसमध्ये चार भाषा ऐकू येतात. सैन्य नाही देशाला, पोलीसच आहेत. स्वातंत्र्य १९६८ ला १२ मार्चला, आणि ती तारीख आपल्या दांडी यात्रेची आहे म्हणून निवडलेली, हे सांगितलं की बाबा लोक खूश होतात, तुमचे पण होतील.

खाणं. यावर मी जास्त वेळ घेणार आहे. आई-बाबा व्हेज असतील असं धरतो, आणि "तिथं व्हेज मिळतं का" म्हणून थेपले-चिवड्याची एक अख्खी बॅग आणणारे जाताना मला तीच बॅग तशीच परत उचलायला लावतात. दाल पुरी खा. पुरी म्हणतात पण तळलेली नसते. पुरणपोळी करायला घेतली आणि गूळ घालायचा राहून गेला असं समजा, आत पिवळ्या वाटाण्याची भरडलेली डाळ, जिरं, हळद, बाहेर इतका पातळ पापुद्रा की हातात धरली तर लोंबते. रस्त्याकडेला मोटरसायकलला काचेची पेटी लावून किंवा छोट्या गाड्यावर विकतात, आणि एक मागायची नसते, जोडी मागायची, "एन पेर". तो दोन पुऱ्या एकावर एक ठेवतो, त्यावर डबल बीची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय (दाट रस्सा), हिरव्या कोथिंबिरीची चटणी, थोडं लोणचं, आणि मग मान वर न करता विचारतो, "पिमाँ?" म्हणजे मिरची घालू का. इथं आपला मराठी माणूस छाती काढून हो म्हणतो आणि फसतो. इथली बारीक मिरची फार जहाल आहे, पहिल्या दिवशी "तिगित" म्हणा, थोडीच. सगळं कागदात गुंडाळून देतो, उभ्याउभ्या खायचं, कोपरापर्यंत ओघळ आला तर बरोबर चाललंय. चौघांचं पोट भरेल आणि हॉटेलातल्या एका कॉफीएवढे पैसे होणार नाहीत.

दुसरं गातो पिमाँ, म्हणजे डाळवडे, आपल्यापेक्षा लहान, इथली माणसं सकाळी पावात लोणी लावून त्यात घालून खातात, वडापावचा लांबचा मावसभाऊ. पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटमध्ये आलूदा, दूध, सब्जा, आगर-आगरची जेली. रस्त्यावर लहान अननस सोलून देठाला धरून देतात, तिखट-मीठ-चिंच लावून. चायनीज नूडल्स "मिन" नावाने सगळीकडं, पण व्हेज म्हणून सांगितलं तरी अंडं आणि ऑयस्टर सॉस स्पष्ट शब्दांत नको म्हणा, कारण त्यांच्या लेखी मटण नसलं की झालं व्हेज. बाजारात भाजीवाल्याकडं आईला नक्की घेऊन जा. कात्र बोर्नला बुधवारी आणि शनिवारी भाजीचा मोठा बाजार असतो. दोडक्याला पिपांगाय, कारल्याला मार्गोझ, भेंडीला लालो, वांग्याला ब्रँझेल. माझ्या एका पॅसेंजर आजींनी अख्खा तास तिथं घालवला, भाजीवालीला हिंदी येत नव्हतं आणि आजींना क्रेओल, तरी दोघींनी मिळून कारल्याचा कडूपणा कसा काढायचा ते एकमेकींना हातवारे करून समजावलं. त्यांच्या मुलाचं त्या दिवशीचं कॅटामरान बोटीचं बुकिंग त्यात बुडालं. चिडला होता. पण ट्रिपचे फोटो पाठवले त्यात पहिला फोटो भाजीबाजाराचाच होता.

आता समुद्र, कारण शेवटी तोच विचारलाय. बेटाच्या जवळपास सगळ्या बाजूनं प्रवाळाची भिंत आहे, लाटा लांब तिथंच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत, कंबरेएवढं. गुहागरच्या लाटा बघून वाढलेल्या मला सुरुवातीला हा समुद्रच वाटेना. आई-बाबांना पाण्यात उतरवायचं असेल तर याच्यासारखी जागा नाही. त्रू ओ बिश, माँ शुआजी, फ्लिक आँ फ्लाक, ब्लू बे, कुठंही. एकच अट, पायात रबरी बूट घाला. खडकासारखा दिसणारा एक विषारी मासा असतो, स्टोनफिश, त्याच्यावर पाय पडला तर थेट दवाखाना, आणि समुद्री साळिंदराचे काटे तर नेहमीचेच. दक्षिणेला ग्री ग्रीला ही भिंत तुटलेली आहे, तिथं काळे कडे आणि खवळलेलं पाणी, बघायला सगळ्यात सुंदर, पण पोहायचं नाव काढू नका, बोर्ड असतात ते उगाच नसतात.

रील बघून येणाऱ्यांसाठी एक सांगून टाकतो, "समुद्राखालचा धबधबा" म्हणून ल मॉर्नजवळचा जो व्हिडिओ फिरतो तो धबधबा नाहीये, वाळू आणि गाळ खोल पाण्याकडं सरकलेला वरून तसा दिसतो, आणि उंचावरूनच दिसतो. किनाऱ्यावर उभं राहून "कुठंय?" विचारू नका. डॉल्फिन बघायला पहाटे तामाराँच्या बाजूला बोटी जातात, त्यातल्या काही बोटी चार डॉल्फिनच्या मागं पंधरा जणी पळतात, मला ते बघवत नाही, मी आता ती ट्रिप विकत नाही. कुणी लांबून, इंजिन बंद करून दाखवणारा भेटला तर जा.

त्यापेक्षा माहेबूर्गजवळ इल ओ एग्रेत नावाचं छोटं बेट आहे, तिकडं जा. डोडो इथलाच आणि डच आल्यावर शंभर वर्षांच्या आत संपला, ते सगळ्यांना माहीत असतं. पण इथल्या ससाण्यासारख्या केस्ट्रेलचं माहीत नसतं. १९७४ ला अख्ख्या जगात त्याचे चारच उरल्याची नोंद आहे. चार! गुलाबी कबुतरं पण १९९० च्या आसपास रानात दहाएक उरली होती. माणसांनी अंडी उबवून, पिल्लं हातानं भरवून परत आणली, आज त्यांची संख्या शेकड्यांत आहे. या बेटावर ते कबुतर फांदीवर बसलेलं दिसतं, आपल्या पारव्यापेक्षा थोडं मोठं, फिक्कट गुलाबी, फारसं घाबरत पण नाही. खाली मोठाली कासवं. पोरांना डिस्कव्हरी चॅनल लावून देण्यापेक्षा हे दाखवा.

त्याच किनाऱ्याला २०२० च्या जुलैत एक मोठं मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून हजारेक टन तेल बाहेर आलं. सरकार काय करतंय ते बघत न बसता लोक स्वतःच उसाचा वाळलेला पाला कापडात भरून, शिवून, लांबच लांब दोर करून पाण्यात टाकत होते तेल अडवायला. टुरिस्ट बंदच होते, मी पण गेलो होतो, चार दिवस. नखातून काळं जायला पंधरा दिवस लागले. इथल्या लोकांचा आणि या पाण्याचा काय संबंध आहे ते मला त्या चार दिवसांत कळलं, त्याआधी सात-आठ वर्षं मी फक्त त्याचे फोटो काढून देत होतो.

आई-बाबा आहेत म्हणजे गंगा तलाव येणारच. उंचावरचं ज्वालामुखीच्या मुखातलं तळं, भोवती देवळं, रस्त्याकडेला १०८ फुटी शंकर. १९७२ ला गंगेचं पाणी आणून त्यात घातलं. माकडं आहेत, प्रसाद हातात धरून चालू नका. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक चालत येतात, तेव्हा रस्त्यात लोकं बोलावून बोलावून सरबत पाजतात, वारीतल्यासारखं वाटतं, पण गाडीनं जायचं असेल तर ते दोन-तीन दिवस टाळा. त्याच दिवशी पुढं शामारेलची सात रंगांची माती आणि धबधबा होतो, मातीला मी दहापैकी सहा देईन, वाटेतल्या ब्लॅक रिव्हरच्या दरीला नऊ. पाम्पलमूसच्या बागेतली परातीएवढी कमळपानं आईला आवडतील, तिथला चालण्याचा रस्ता पण सपाट आहे.

कधी यावं. आपल्याकडं उन्हाळा तेव्हा इथं थंडीकडं जायला लागलेलं असतं. मे महिन्याची सुट्टी उत्तम, दिवाळीची सुट्टी त्याहून उत्तम. जुलै-ऑगस्टला पूर्व किनाऱ्यावर वारा फार, आणि वर क्युरपीपला तर स्वेटर लागतो, मग उत्तर किंवा पश्चिमेला राहा. जानेवारी-फेब्रुवारीत स्वस्त पॅकेज दिसतील, ती का स्वस्त असतात ते ओळखा, वादळाचा सीझन असतो. २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळ आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत होत्या. वादळाच्या सूचना एक ते चार अशा वर्गात देतात, तीन लागला की सगळं बंद, तुम्ही खोलीत, बुफे चालू. ज्यांनी हे अनुभवलंय ते आयुष्यभर सांगतात, पण आई-बाबांना घेऊन नको.

खर्चाचं म्हणाल तर विमान आणि हॉटेल महागच आहे, ते लपवत नाही. पण बीचवरच्या रिसॉर्टऐवजी ग्राँ बे किंवा फ्लिक आँ फ्लाकला किचन असलेला अपार्टमेंट घ्या. इथं किनारा कुणाच्या बापाचा नाही, कायद्यानं सगळ्यांचा आहे, भरतीच्या रेषेखाली मोठ्यातल्या मोठ्या हॉटेलसमोर सुद्धा चालत जाता येतं, कुणी अडवलं तर हसून पुढं जा. गाडी आपल्यासारखी डावीकडून, म्हणून स्वतः चालवली तरी चालते, फक्त उसातल्या अरुंद रस्त्यांवर रात्री जपून. एक-दोन दिवस माझ्यासारखा कुणी घ्या, बाकी स्वतः फिरा, सात दिवस गाडी-ड्रायव्हर लावायची काही गरज नाही. भारतीयांना फिरायला यायचं तर आधी व्हिसा काढायला लागत नाही, परतीचं तिकीट आणि हॉटेलचा कागद हातात ठेवा, निघायच्या आधी नियम एकदा बघून घ्या.

आणि सातातला एक रविवार काहीही बुक न करता ठेवा. रविवारी मॉरिशस अख्खं समुद्रावर असतं. माँ शुआजीला सुरूच्या झाडांखाली चादरी, दुपारच्या झोपेसाठी बांबूची चटई, मोठ्या डेगीत बिर्याणी, दोन घरं सोडून तिसऱ्या घोळक्यात कुणीतरी बकऱ्याच्या चामड्याचं रावान, डफासारखं वाद्य, शेकोटीवर तापवतंय आणि मग सेगा हा इथला नाच सुरू होतो, म्हाताऱ्या बायका पण पाय न उचलता कमरेतून नाचतात. तुम्ही जवळ उभे राहिलात की कुणीतरी प्लेट पुढं करतंच, कुठले म्हणून विचारतात, महाराष्ट्र म्हटलं तर त्यांच्यातल्या एखाद्याची वहिनी नाहीतर शेजारी मराठी निघतेच, तिला हाक मारून आणतात. मग बसा दोन तास. फक्त सावलीतली जागा पाहिजे असेल तर सकाळी आठच्या आत या, नऊनंतर आलात तर सुरूची सावली लांबच, पार्किंगपासूनच बोंब.